पोळ्या किती कमी करायच्या? नव्या मधुमेहींच्या आहाराचा आढावा

‘शुगर निघाली’ हे कळले की घरात गोळ्या आणि सल्ले एकाच दिवशी सुरू होतात. डॉक्टरांनी घाईत ‘भात, बटाटा, गोड बंद’ एवढेच सांगितलेले असते. शेजारच्या काकूंचा भरवसा ज्वारीवर असतो, तर ऑफिसातले कुणी तरी दोन वेळाच जेवून बारीक झालेले असते. मेथीचे दाणे आणि जांभळाच्या बियांची पूड न मागताच घरपोच होते. या साऱ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: पोळी, भाकरी, भात, पोहे, साबुदाणा यांतून मिळणारी कर्बोदके कमी करायची का, आणि करायची तर किती?

प्रश्न थोड्या लोकांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभराचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आढावा नव्याने टाइप 2 मधुमेहाचे निदान झालेल्या प्रौढांपुरता आहे. टाइप 1 मधुमेह आणि गरोदरपणातला मधुमेह यांचे पथ्य निराळे. त्यांना इथले काहीही जसेच्या तसे लावू नये.

पथ्याचा इतिहास

मधुमेहावर पथ्य हा उपाय औषधांपेक्षा पुष्कळ जुना. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला जवाचे पदार्थ सांगितले आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे स्थूल रुग्ण आणि कृश रुग्ण असे दोन प्रकार करून दोघांचे उपचार वेगळे ठेवले आहेत. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

युरोपात 1797 मध्ये जॉन रोलो या स्कॉटिश लष्करी डॉक्टराने कॅप्टन मेरेडिथ नावाच्या लठ्ठ रुग्णाला मुख्यतः मांस आणि चरबीवर ठेवून त्याची प्रकृती सुधारल्याचे लिहिले. 1870 मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली आणि आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे हे बूशार्दा या वैद्याच्या ध्यानात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी हे तत्त्व टोकाला नेले आणि रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवले. मुले हाडांचे सापळे होत, पण काही महिने जास्त जगत. त्या काळी दुसरा उपायच नव्हता.

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि पथ्याचा जाच सैल होऊ लागला. पुढे हृदयविकाराच्या भीतीने वारे उलटे फिरले. तूप-लोणी वाईट ठरले, तेव्हा त्याची जागा कशाने भरायची? अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने 1979 मध्ये कर्बोदकांचा वाटा 50 ते 60 टक्क्यांपर्यंत चालेल असे सांगितले. केंटकीत जेम्स अँडरसन आणि मद्रासला डॉ. एम. विश्वनाथन यांनी भरपूर चोथा असलेल्या, कर्बोदकप्रधान आहाराचा पुरस्कार केला. आपल्याकडे तो सहज रुजला, कारण आपण तसेच जेवत होतो. फरक एवढाच की चोथ्याचा भाग वाटेत गळाला.

त्याच अमेरिकन संघटनेच्या 2019 च्या अहवालाने पुन्हा वळण घेतले. रक्तातली साखर सुधारण्यासाठी एकूण कर्बोदके कमी करणे या उपायाला सर्वाधिक पुरावा आहे, असे त्यात नमूद झाले. मात्र सर्वांना लागू पडणारे एकच प्रमाण नाही, हेही तिथेच म्हटले आहे.

आज आपल्या ताटात काय आहे

वादाच्या बाजू पाहण्याआधी ताट मोजायला हवे. ‘इंडियाब’च्या 2025 मध्ये आलेल्या आहारविषयक अहवालानुसार भारतीयांना रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून मिळतात आणि प्रथिनांतून केवळ 12 टक्के. त्याआधी 2014 मध्ये मुंबईचे डॉ. शशांक जोशी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या ‘स्टार्च’ अभ्यासात मधुमेही रुग्णांच्या आहारातही कर्बोदकांचा वाटा सुमारे 64 टक्के निघाला होता. म्हणजे निदान होऊन, पथ्य सांगून झाल्यावरही ताट फारसे बदललेले नव्हते. साखर बंद होते, गोड बंद होते. पोळ्यांची चळत तेवढीच राहते.

दुपारचे एक साधे मराठी जेवण घेऊ. घडीच्या तीन पोळ्यांना साधारण 120 ग्रॅम कणीक लागते, तिच्यात 77 ग्रॅम कर्बोदके. 50 ग्रॅम तांदळाच्या भातात 39. तुरीच्या 30 ग्रॅम डाळीच्या वरणात सोळा-सतरा. बटाट्याची भाजी असली तर आणखी पंधरा. बेरीज 147 च्या घरात जाते. चहा-बिस्किटे, सकाळचे पोहे आणि रात्रीचे जेवण अजून बाकीच आहे.

त्याऐवजी 50 ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, 40 ग्रॅम मटकीची उसळ, वाडगाभर पालेभाजी, काकडी-टोमॅटो, वाटीभर दही आणि शेंगदाण्याची सुकी चटणी घेतली, तर आकडा 70 च्या आसपास राहतो. दोन्ही जेवणे मराठीच आहेत, आणि दुसऱ्यात कोणताही परदेशी पदार्थ नाही. पण घरात पोळी हे जेवण आणि भाजी हे तोंडीलावणे, अशी शतकांची सवय आहे. खरी अडचण तिथे येते.

‘कमी’ म्हणजे किती

या चर्चेतला निम्मा गोंधळ इथला आहे. संशोधनात दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी, किंवा उष्मांकांच्या 26 टक्क्यांखाली कर्बोदके असली तर त्या आहाराला ‘लो-कार्ब’ म्हणतात. 20 ते 50 ग्रॅमचा आहार म्हणजे कीटो. 26 ते 45 टक्के म्हणजे मध्यम. आयसीएमआरच्याच चमूने 2022 मध्ये 18 हजारांवर भारतीयांच्या आहारावरून गणिती प्रतिमान मांडले. नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी त्यातून सुचलेले प्रमाण असे: कर्बोदके 49 ते 54 टक्के, प्रथिने 19 ते 20 टक्के, स्निग्ध पदार्थ 21 ते 26 टक्के. पाश्चात्त्य व्याख्येने हा आहार ‘लो-कार्ब’ ठरतच नाही.

आता हेच पोळ्यांत मोजू. 1,800 उष्मांकांच्या आहारात 62 टक्के म्हणजे 279 ग्रॅम कर्बोदके, 50 टक्के म्हणजे 225 ग्रॅम. फरक 54 ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला घडीच्या दोन पोळ्या. तिथून 130 ग्रॅमवर यायचे तर आणखी जवळजवळ चार पोळ्या सोडाव्या लागतात. पहिला टप्पा बहुतेकांना झेपेल. दुसऱ्यासाठी स्वयंपाकघराची घडीच बदलावी लागते.

कर्बोदके उतरवा, असे म्हणणारे

या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर मुख्यतः कर्बोदकांतून येते, ती पेलायला शरीराचे इन्सुलिन अपुरे पडते, तेव्हा भारच कमी करावा. इंग्लंडमध्ये साउथपोर्टचे डॉ. डेव्हिड अनविन हे या मताचे ठळक नाव. त्यांच्या दवाखान्यात हा आहार निवडलेल्या 186 मधुमेही रुग्णांपैकी 97 जण औषधांशिवाय साखर आटोक्यात ठेवू शकले, आणि निदानानंतर पहिल्याच वर्षात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. अर्थात ही मंडळी आपण होऊन आलेली होती. चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती.

काटेकोर चाचण्यांचा एकत्रित आढावा 2021 मध्ये ‘बीएमजे’त आला. 23 चाचण्या, 1,357 रुग्ण. सहा महिन्यांनी लो-कार्ब गटातल्या 57 टक्के रुग्णांचा एचबीए1सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक) 6.5 च्या खाली होता, इतर आहारांच्या गटात 31 टक्के. आकडा घसघशीत आहे. मात्र ‘औषध न घेता’ ही अट घातली की फरक बराच आटतो, आणि वर्षअखेरीस दोन्ही गट एकमेकांजवळ येतात. आहार निकामी ठरतो की माणसे तो सोडून देतात, याचा निवाडा या आकड्यांवरून होत नाही. लग्नसराई, गणपती आणि दिवाळी यांतून गेलेल्या कोणालाही दुसरी शक्यता पटेल.

वजन उतरवा, असे म्हणणारे

दुसरी बाजू न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांची. त्यांच्या मते मूळ दुखणे यकृत आणि स्वादुपिंडात साठलेल्या चरबीचे आहे. ती काढा, साखर आपोआप उतरेल. त्यांच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत 306 रुग्ण होते. उपचार गटाला तीन ते पाच महिने दिवसाला फक्त 825 ते 853 उष्मांकांचे सूप आणि शेक देण्यात आले. वर्षाने त्यांच्यापैकी 46 टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते, दोन वर्षांनी 36 टक्के. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात पहिल्या वर्षी हे प्रमाण 4 टक्के होते.

त्या शेकमधल्या उष्मांकांपैकी 59 टक्के कर्बोदकांचे होते, हे क्वचितच कुणी सांगते. म्हणजे कर्बोदकांचा वाटा भरपूर ठेवूनही, एकूण खाणे खूप कमी केले तर मधुमेह मागे हटतो. कर्बोदकवाद्यांना याचे उत्तर द्यावे लागते. तसेच वजनवाद्यांनाही सांगावे लागते की शेक संपल्यावर काय खायचे, कारण पुढच्या वर्षांत बहुतेकांचे वजन आणि साखर दोन्ही हळूहळू परत आले.

वेळा मोजा, धान्य बदला

महाराष्ट्रात वाद रंगला तो मात्र जेवणाच्या वेळांवर. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवायचे आणि रोज 45 मिनिटे चालायचे, हा कार्यक्रम गावोगावी पोचवला. वारंवार खाल्ले की वारंवार इन्सुलिन स्रवते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोडे थोडे, ठरावीक अंतराने आणि आपल्या मातीतले खा, भात-तुपाला घाबरू नका, अशी मांडणी केली. दोघांचे अनुयायी एकमेकांशी हिरिरीने भांडले, तेव्हा दोन्हीकडच्या चांगल्या गोष्टी एकच आहेत हे झाकले गेले. पाकिटातले खाणे आणि गोड पेये दोघांनाही नको आहेत.

या वादाला थेट भिडणारी एक छोटी चाचणी प्रागमध्ये झाली. 54 मधुमेही रुग्णांना तेवढेच उष्मांक एकदा सहा खाण्यांत आणि एकदा दोन जेवणांत विभागून दिले गेले, प्रत्येकी 12 आठवडे. दोन जेवणांच्या काळात वजन आणि यकृतातली चरबी जास्त घटली. पण ती दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण. आपल्याकडचा दोन वेळांचा माणूस बहुधा रात्रीचे जेवण राखतो, त्यामुळे हा निष्कर्ष त्याला तसाच चिकटवता येत नाही.

धान्य बदलण्याचा सल्ला सर्वांत लोकप्रिय, कारण त्यात काही सोडावे लागत नाही. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून नाचणीची बिस्किटेही पथ्याची समजली जाऊ लागली. आकडे मात्र रुक्ष आहेत. 100 ग्रॅममध्ये तांदळात 78 ग्रॅम कर्बोदके, ज्वारीत 68, नाचणीत 67, कणकेत 64, बाजरीत 62. ज्वारी-बाजरीत चोथा आणि खनिजे जास्त असतात, भाकरीने पोटही लवकर भरते, हे खरे. पण ‘इंडियाब’च्या 2025 च्या अहवालात पांढऱ्या धान्याऐवजी दळलेला गहू किंवा भरडधान्याचे पीठ आले आणि एकूण कर्बोदके तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांना दिला तेव्हा तो कमी दिसला. म्हणून दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या हा बदल मला तरी अर्धवट वाटतो. गुळाच्या चहाबद्दल तर बोलायलाच नको. गूळ आणि साखर यांत रक्ताला फारसा फरक कळत नाही. उपासाचेही तेच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि एकादशीच्या संध्याकाळी शुगर तपासली तर ती ते सांगते.

खाण्याच्या क्रमाचा उपाय साधा आणि बिनखर्चाचा आहे. न्यूयॉर्कमधल्या 2015 च्या एका अगदी लहान प्रयोगात भाज्या व प्रथिने आधी आणि कर्बोदके शेवटी खाल्ली, तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. कोशिंबीर आणि उसळ संपवून मग भाकरीला हात घालायला कुणाची हरकत नसावी.

डाळीचा पेच

शाकाहारी घरात हा प्रश्न सर्वांत अवघड होतो, आणि त्यावर बोलले कमी जाते. 1,800 उष्मांकांत 20 टक्के प्रथिने म्हणजे दिवसाला 90 ग्रॅम. 100 ग्रॅम तूरडाळीत प्रथिने 22 ग्रॅम आणि कर्बोदके 55. नुसत्या डाळीतून 90 ग्रॅम गाठायचे तर 400 ग्रॅम डाळ लागेल आणि तिच्याबरोबर 220 ग्रॅम कर्बोदके येतील. वरण हे मधुमेहींसाठी चांगले अन्न आहे, पण सारा भार त्याच्यावर टाकता येत नाही. पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या, शेंगदाणे यांची जोड लागते. किनाऱ्यावरच्या घरांचे काम सोपे: बांगडा, बोंबील, कोळंबी यांत कर्बोदके नाममात्रच. अंडे चालत असेल तर तेही स्वस्त.

स्वस्ताईचा मुद्दा सोडून चालणार नाही. रेशनवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतात; पनीर मिळत नाही. त्यातही स्वयंपाक करणारी बाई स्वतःच मधुमेही असली, तर सगळ्यांसाठी पोळ्या लाटून शेवटी उरलेली भाजी आणि भात तिच्या वाट्याला येतो. तिच्या पथ्याचा निर्णय तिच्या एकटीच्या हातात नसतो.

गोळ्यांशी गाठ

एका बाबतीत सर्व बाजूंचे एकमत आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके अचानक उतरवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका आणखी फसवा. त्यांच्यासोबत फार कमी कर्बोदकांचा आहार घेतला तर रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर विकार होऊ शकतो, आणि अशा वेळी ग्लुकोमीटरवरची साखर फारशी वाढलेलीही नसते. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. या गोळ्या स्वस्त झाल्यामुळे आता नव्या रुग्णांनाही सर्रास दिल्या जातात. एकट्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना साखर घसरण्याचा धोका बराच कमी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावेच लागते.

जे अजून सुटलेले नाही

सर्वांत मोठा प्रश्न भारतीय शरीराचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त असा हा भारतीय साचा. तरुणपणी मधुमेह होणाऱ्या भारतीयांत इन्सुलिन तयार होण्याचीच तूट मोठी असते, असेही याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या 2022 च्या अभ्यासात दिसले. ‘डायरेक्ट’ चाचणीत 27 पेक्षा कमी बीएमआयचे रुग्ण घेतलेच नव्हते. मग 22 बीएमआयच्या मधुमेह्याने वजन किती उतरवायचे? त्याला कर्बोदके कमी करून जास्त लाभ होईल की त्याच्या अंगावरचे उरलेसुरले मांस जाईल? चरकाने ज्यांना वेगळे काढले होते त्या कृश रुग्णांसाठी आजच्या चाचण्यांत नेमके उत्तर नाही.

मुक्कामाचाही प्रश्न आहे. औषधे थांबवल्यावर किमान तीन महिने एचबीए1सी 6.5 च्या खाली राहिला तर त्याला मधुमेहाची माघार म्हणावे, असे 2021 मध्ये तज्ज्ञांनी ठरवले. माघार म्हणजे बरे होणे नव्हे, हे ‘मधुमेहमुक्ती’च्या जाहिरातींत लहान अक्षरांतही नसते. कर्बोदकांच्या जागी तूप, चीज, लाल मांस भरले तर पुढच्या दहा-वीस वर्षांत हृदयाचे काय होईल, याचा पुरावा निरीक्षणांवर आधारलेला आहे. त्यातून वनस्पतिज प्रथिने आणि तेलबियांचे पारडे जड दिसते. आयसीएमआरचे 49 ते 54 टक्केही गणिती प्रतिमानातून आलेले आहेत, तेवढे खाऊ घालून कुणी वर्षभर पाहिलेले नाही.

तोवर नव्या मधुमेहीने काय करावे? हाताशी असलेल्या पुराव्यावरून एवढे म्हणता येते की दिवसाला दोन पोळ्यांइतकी कर्बोदके कमी करून त्या जागी उसळ, दही, अंडे, मासे किंवा शेंगदाणे आणणे जवळजवळ सर्वांना परवडेल आणि मानवेल. निदानानंतरचे पहिले वर्ष त्यासाठी सर्वांत मोलाचे. त्याहून खाली उतरायचे असेल तर आधी घेत असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि कोणत्या कमी करायच्या हे विचारा. आठवड्यातून दोनदा तरी जेवणाआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा, आणि आकड्याशेजारी त्या वेळी ताटात काय होते ते लिहून ठेवा. पुढच्या भेटीला रिपोर्टांबरोबर ती वहीही न्या.